सूर्य दर्यात बुडतो, मग विझत कसा नाही? : लहानग्यांना दिवस-रात्र शिकवतानाचे अनुभव

देशावरच्या पोरांपेक्षा आपल्या किनाऱ्यावरच्या पोरांना दिवस-रात्र शिकवणं अवघड, असं माझं ठाम मत आहे. इथे पुरावाच उलटा. सकाळी सूर्य सह्याद्रीच्या मागून वर येतो आणि संध्याकाळी सगळ्या गावादेखत दर्यात उतरतो. चौथीतली मुलं ‘पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून’ असं घडाघडा म्हणतात. लगेच ‘मग रात्री सूर्य कुठे असतो?’ असं विचारावं, तर तितक्याच खात्रीने उत्तर येतं, ‘पाण्याखाली’. दोन्ही उत्तरं एकाच डोक्यात सुखाने नांदतात!

तर शिक्षक, पालक, अंगणवाडीच्या ताई, आजी-आजोबा, तुम्ही काय करून पाहिलंत, काय फसलं, पोरं काय म्हणाली, ते इथे लिहा. व्हिडिओच्या लिंका नकोत, त्या सगळ्यांकडे आहेत.

एक आजी, मालवण

नात साडेचार वर्षांची. तिन्हीसांजेला किनाऱ्यावर गेलो होतो.

“आजये, सूर्य खंय गेलो?”
“दर्यात बुडालो.”
“मगे विझलो कसो नाय?”
“विझाक नाय गो, झोपाक गेलो.”
“वल्या कपड्यांनी?”

यावर काय बोलणार? मला विचाराल तर या वयात गोल पृथ्वी वगैरे सांगायची घाई करू नये. रोज बघू दे, रोज विचारू दे. कालपासून तिला नवाच प्रश्न पडलाय: बुडतो इकडे, तर सकाळी डोंगरातून बाहेर कसा येतो? खालून बोगदा असणार, असं तिचं म्हणणं. बोगद्यापर्यंत ती आपल्या बुद्धीने पोचली, हे मला पाठ केलेल्या वाक्यापेक्षा बरं वाटतं.

जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका, रत्नागिरी तालुका

माझ्याकडे दुसरीचा वर्ग. पूर्वी प्लास्टिकचा पृथ्वीगोल आणि बॅटरी घेऊन दाखवायची. एका मुलाने विचारलं, “बाई, खरी पृथ्वी कोण फिरवतं?” प्रश्न रास्त होता. बाहेर उभं राहून गोल बघणाऱ्या मुलाला आपण त्या गोलावरच आहोत हे जाणवतच नाही. आता गोल कपाटात असतो आणि मुलाचं डोकं हीच पृथ्वी.

खिडक्यांना गोणपाट लावायचं, टेबलावर उघडा बल्ब ठेवायचा. मुलाच्या नाकाच्या शेंड्यावर कुंकवाचा ठिपका, ते आपलं गाव. दोन्ही हात बाजूला पसरून डाव्या हातात ‘डोंगर’ लिहिलेली पाटी, उजव्यात ‘दर्या’. हे उलट करू नका. डोक्याचा माथा उत्तर धरला आणि नाकासमोर गावावरचं आभाळ, तर पूर्व डाव्या हातालाच येते. सुरुवातीला तोंड बल्बाकडे. मग जागच्या जागी, डोंगराच्या बाजूला सावकाश वळायचं. बल्ब उजवीकडे सरकत सरकत दर्याच्या पाटीमागे जातो. पाठ बल्बाकडे झाली की नाकावर अंधार, म्हणजे मध्यरात्र. तसंच वळत राहिलं की डोंगराच्या पाटीआडून उजेड पुन्हा डोकावतो.

पायाखाली खडूने छोटं वर्तुळ काढून घ्या. नाहीतर पोरं बल्बाभोवती प्रदक्षिणा घालू लागतात, आणि ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून रात्र होते’ हा घोळ तिथेच जन्माला येतो. ती फेरी वर्षाची. दिवस-रात्र होते ती जागच्या जागी घेतलेल्या गिरकीने.

यंदा एक मुलगी वळता वळता मध्येच थांबली. बल्ब अर्धा पाटीआड गेला होता. म्हणाली, “बाई, बल्ब खाली गेलाच नाही. दर्याच वर आला!” मी पुढचं सगळं सांगायचं ठेवून वर्गाला घेऊन व्हरांड्यात आले आणि प्रत्येकाकडून तेच वाक्य म्हणवून घेतलं. सूर्यास्ताचं याहून नेमकं वर्णन मला तरी सुचलं नसतं.

एक आई, रत्नागिरी शहर

आमच्याकडे हे काम व्हिडिओ कॉलने केलं. मुलाचे अब्बा दुबईला असतात. मगरीब (सूर्यास्तानंतरची नमाज) झाली, इथे दिवे लागले, आणि फोनवर बघतो तर त्यांच्यामागच्या भिंतीवर लख्ख ऊन. “अब्बा, तुमचा सूर्य वेगळा आहे का?” असं त्याने विचारलं. अब्बांनी फोन खिडकीबाहेर धरून सूर्य दाखवला, तो आपलाच आहे म्हणून सांगितलं, आणि मावळेपर्यंत कॉल चालू ठेवायचं कबूल केलं. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सूर्यास्त मात्र ऋतूप्रमाणे तास ते दीड तासाने मागाहून होतो. मधल्या वेळात लेकरू जेवलं, भांडलं, पुन्हा फोनपाशी येऊन बसलं. समुद्रात बुडून विझला असता तर अब्बांकडे कसा दिसला असता, हे त्याने स्वतःच पलीकडच्या चाचींना समजावलं. ज्यांचं कुणी आखातात किंवा बोटीवर आहे, त्यांनी हे जरूर करून बघा.

जयगड

दीपगृहाशेजारच्या पोरांची तऱ्हा वेगळीच. आमच्या वाडीत सर्वमान्य सिद्धांत असा, की सूर्याचा झोतही दीपगृहासारखा फिरतो आणि तो पलीकडे गेला की इथे रात्र! चुकीचा आहे, पण खोडून दाखवा बघू. मला अजून नीट जमलेलं नाही.

माध्यमिक शिक्षक, दाभोळ

मोठ्या मुलांची अडचण पुढची असते: पृथ्वी फिरते तर आपल्याला कळत कसं नाही? आपल्या अक्षांशावर हा वेग ताशी सुमारे १६०० किलोमीटर भरतो. आकडा ऐकला की पोरांचा विश्वास वाढण्याऐवजी उडतो. म्हणून मी आकडा मागाहून सांगतो, आधी धोपाव्याच्या फेरीबोटीत बसवतो. पाणी शांत असेल त्या दिवशी कठड्याला टेकून फक्त जेटीकडे बघायला लावायचं. बारकी पोरं हमखास ओरडतात, “जेटी निघाली!” मग सांगायचं, आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास हाच दाखला दिलाय. नावेत बसून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. बोट, बाकडी, आपण, आपल्या भोवतीची हवा, सगळं एकाच वेगाने जात असलं की धक्का बसायचं कारणच उरत नाही.

काही पालकांना शाळेच्या वेळेत फेरीबोट ही मजा वाटते. वाटो.

चाकरमानी बाप, सध्या मुंबई, गाव सावंतवाडीकडे

मे महिन्यात पोरं गावी येतात, तेव्हा अंगणात काठी रोवा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. आधी सावंतवाडीकडे, मग रत्नागिरी, मग अलिबाग असा तो दिवस उत्तरेकडे सरकत जातो. उभ्या काठीची सावली तेव्हा क्षणभर नाहीशी होते. हे परत जुलैअखेर-ऑगस्टमध्येही होतं, पण तेव्हा आपल्याकडे सूर्य दिसला तर!

बारा वाजता बघायला जाल तर मात्र फसाल. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, मिर्झापूरजवळचं, आणि आपण ७३-७४ वर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून आपली खरी दुपार साडेबाराच्या सुमारास. आमच्या मुलीला सावलीपेक्षा याचंच जास्त नवल वाटलं: सूर्य मिर्झापूरला आधी पोचतो? पोचतो म्हणजे काय, ते गाव त्याच्यासमोर आधी वळतं. हे तिला काठीच्या सावलीच्या टोकाशी तासातासाला खडे ठेवताना पटलं.

हर्णै

चंद्राचं कुणीच लिहिलं नाही. ‘चंद्र आला की रात्र होते’ असं आमची पोरं छातीठोक सांगतात. घरात मासेमारी असल्याने तिथी तोंडपाठ. भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत, वद्य अष्टमीच्या आसपास, सकाळी शाळेच्या वाटेवर पश्चिमेला अर्धा चंद्र दाखवायचा. ऊन पडलंय आणि चंद्र वर आहे. एवढं पुरतं.

गुहागर तालुका, अंगणवाडी

रत्नागिरीच्या बाईंना विचारायचंय: पावसाळ्यात आमच्याकडे दिवस दिवस लाईट नसते. बल्बाऐवजी मोबाईलची बॅटरी चालेल का?

रत्नागिरीची शिक्षिका

नको ताई, तिचा झोत एकाच बाजूला जातो आणि समोरच्या मुलाचे डोळे दिपतात. कंदील घ्या. चारी बाजूंना चार मुलं एकदम उभी करता येतात. काच आदल्या दिवशीच राखेने पुसून ठेवा, आणि कुंकवाऐवजी लहानांना हळद लावा, डोळ्यात गेलं तर रडारड होते.