जुन्या गाडीतली वायरिंगची दुखणी : तुम्ही कशी शोधून काढलीत?

आमच्याकडे २००४ची मारुती ८०० आहे. चार-पाच दिवस उभी राहिली की सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) नुसता 'टक्' करून गप्प. बॅटरीवाला म्हणाला बॅटरी बदला, गॅरेजवाला म्हणाला अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) उतरवू. मीटर मात्र दोघांनीही हातात घेतला नाही.

चार्ज करून गाडीपासून सुटी ठेवलेली बॅटरी दुसऱ्या सकाळी १२.६ व्होल्ट दाखवत होती. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, तरी १४.१. म्हणजे दोन्ही आरोपी निर्दोष. मग निगेटिव्ह टर्मिनल काढून मल्टिमीटर १० अँपियरवर मध्ये जोडला, दार बंद केलं. रीडिंग ०.३ अँपियर! घड्याळ आणि टेपच्या मेमरीला ०.०५ पुष्कळ झाले. ०.३ म्हणजे दिवसाला सात अँपियर-अवर, आणि आमची बॅटरीच मुळी ३५ची. एकेक फ्यूज काढत गेलो, टेपचा काढला आणि आकडा धपकन खाली. टेप बसवणाऱ्याने लाल वायर चावीच्या लाइनला न देता कायम करंट असणाऱ्या पिवळीलाच पिळून ठेवली होती, त्यामुळे सीटखालचा अँप्लिफायर रात्रंदिवस जागा.

(मीटर असा मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो.)

तुमचे किस्से येऊ द्या. नुसतं 'अमुक बदललं आणि झालं' नको, कसं शोधलंत ते लिहा.

फियाटवाला

अण्णांची १९८५ची पद्मिनी. रंगवून आणली आणि मागचे दिवे भूत लागल्यासारखे वागायला लागले. ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर मिणमिणायचा, इंडिकेटर लावला की पार्किंग त्याच्या तालावर. सगळ्यांचं एकमत, इंडिकेटर स्विच गेला.

असे दिवे एकमेकांत मिसळायला लागले की आधी अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतणारी जोडणी) बघायचा. करंटला परतीची वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या फिलामेंटमधून, शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं बल्बच्या होल्डरवर, आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं. अर्थ चांगला असेल तर ०.१-०.२ व्होल्ट. इथे तीनच्या वर! पेंटरने होल्डर बसतो त्या पत्र्यावरही झकास रंग चढवला होता. स्क्रूखाली पॉलिश पेपर मारला, दातेरी वॉशर टाकला, भूत उतरलं.

रत्नागिरीहून

आमच्याकडे खारं वारं आणि वर चार महिने पाऊस. वायर बाहेरून नवीकोरी दिसते, सोलली की आत तांबं हिरवं नाहीतर काळं. अशा वायरला नुसता जोड देऊन भागत नाही, लकाकतं तांबं लागेपर्यंत मागे कापत जावं लागतं. वॅगनआरचा फ्यूएल पंप मधूनच बंद पडायचा तेव्हा हे कळलं. पंपाच्या कपलरपाशी (वायरींच्या प्लगपाशी) एक वायर ओढून बघितली तर रबरासारखी ताणली गेली. आत तांबं तुटलेलं, नुसतं आवरण शाबूत! तेव्हापासून माझी पहिली तपासणी हीच, प्रत्येक वायर हलकेच ओढून बघायची.

आणि उंदीर. त्यावर स्वतंत्र धागा निघेल.

टेस्टलॅम्प

एसटीच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालो. सारखा फ्यूज उडत असेल तर लोक एक तर फ्यूजमागून फ्यूज घालत बसतात, नाहीतर मोठ्या अँपियरचा घालतात. दुसरा प्रकार म्हणजे वायरिंग पेटवायचा राजमार्ग.

ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि फ्यूजच्या जागी लावा. लाइन शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो, पण पावणेदोन अँपियरच्या वर करंट जाऊ देत नाही. काही जळत नाही, निवांत शोधता येतं. शेजाऱ्यांच्या एस्टीमचा पार्किंगचा फ्यूज उडत होता. आधी पार्किंगचे सगळे बल्ब काढले, नंबरप्लेटचासुद्धा, नाहीतर त्यांच्या करंटनेच आपला बल्ब पेटतो आणि फसायला होतं. तरी बल्ब लख्ख. मग पुढून सुरुवात करून वायरिंग हातानं हलवत मागे गेलो. डिकीच्या बिजागरीपाशी हात लागला आणि बल्ब विझला. उघडझाप होऊन वायर पत्र्यावर घासली होती. स्लीव्ह घालून, बांधून मोकळे झालो.

हॅचबॅक असेल तर मागच्या दाराच्या रबरी नळीतल्या वायरी बघा. मागचा वायपर, नंबरप्लेट लाइट, सगळं तिथेच मरतं.

निळी झेन

माझं दुखणं छोटं, पण खर्च मोठा होता होता राहिला. अल्टरनेटर चार्ज करत नव्हता, मीटर १२.२ वर अडकलेला. रेस केलं की अचानक १४. गॅरेजमध्ये 'नवा टाका' ठरलंही होतं. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा पेटतच नाही, हे कुणी बघितलं नव्हतं. जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. बल्ब उडाला की चार्जिंग गेलं, आणि ते गेल्याचं सांगणाराही गेला. बल्ब बदलला, अल्टरनेटर आजही तोच आहे.

लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकातली मॉरिस मायनर सांभाळतो. या गाड्यांच्या बॉडीला कारखान्यातून पॉझिटिव्ह जोडलेला असायचा. मधल्या काळात कुणा मालकाने निगेटिव्ह अर्थ करून घेतलेला असू शकतो, आणि कागदोपत्री नोंद नाही. म्हणून जुनी ब्रिटिश गाडी हातात आली की चार्जर, रेडिओ, एलईडी काहीही लावण्याआधी बॅटरीची कोणती केबल बॉडीला जाते ते बघतो. माझ्या गाडीत केबली उलटवल्या होत्या, पण डायनॅमोची (त्या काळच्या अल्टरनेटरची) पोलॅरिटी बदलायची राहिली होती, म्हणून चार्जिंगचा पत्ता नाही. डायनॅमोच्या फील्ड टर्मिनलला क्षणभर बॅटरीचा करंट दिला, बारीकशी ठिणगी, आणि चार्जिंग सुरू.

घाटातला

हेडलाइटचे ६०/५५ वॉटचे (हाय/लो बीम) काढून १००/९० वॉटचे बल्ब टाकणाऱ्यांनो, हाय बीमला सोळा अँपियरच्या वर करंट जुन्या स्विचमधून जातो. आमच्या सुमोचा कॉम्बिनेशन स्विच वितळला. रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) टाकून वेगळी जाड वायर ओढली. नंतर पुन्हा ६०/५५च लावले, तरी होल्डरवर पूर्वी मिळत नव्हते इतके व्होल्ट मिळतात आणि उजेड पुरतो.

रत्नागिरीहून

@टेस्टलॅम्प काका, गाडी गरम असताना सेल्फ एकच 'टक्' करतो, थंड झाली की मारतो. बॅटरी नवीन आहे. सेल्फ उतरवू का?

टेस्टलॅम्प

इतक्यात नको. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत किती व्होल्ट दिसतात ते मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर असतील तर इंजिनची अर्थ केबल बदला. मग सोलेनॉइडच्या (सेल्फवरच्या, 'टक्' करणाऱ्या स्विचच्या) पातळ वायरवर मोजा, गाडी गरम असतानाच. तिथे दहा व्होल्टच्या आत असतील तर चावीचा स्विच किंवा मधला कपलर. दोन्ही ठीक आले तरच सेल्फ उतरवा, आणि कार्बन (मोटरचे ब्रश) नि सोलेनॉइडची पट्टी बघा. आकडे इथे टाका, पुढचं सांगतो.