दारू आधी की उदासी आधी?

दारू सुटली की उदासी आपोआप जाते, असं वर एका प्रतिसादात म्हटलंय. काहींच्या बाबतीत ते खरं आहे. दारूमुळेच आलेलं नैराश्य ती थांबल्यावर काही आठवड्यांत बरंच ओसरतं. पण माझ्या मामाचं उलट होतं. पहाटे तीनला उठून तो ओट्याशी नुसता उभा राहायचा, हातात लायटर, गॅस न पेटवता. उदासी आधी आली, पिणं त्यानंतर वर्षभराने सुरू झालं. आम्हाला दिसली ती फक्त बाटली. दोन्हींवर एकत्र उपचार सुरू झाले तेव्हाच फरक पडला.

एक कळकळीने सांगते, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

आणि "मरणाचे विचार येतात का?" असं विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. मी मामाला विचारलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, मग रडला आणि पहिल्यांदाच मोकळं बोलला. कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला असेल तर पोलिसांच्या धास्तीने लपवू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला गुन्हेगार न मानता तो तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.