नवे टायर टाकल्यापासून गाडी थरथरते, दोनदा बॅलन्सिंग करूनही. टायरच खराब असेल का?

निळी_हॅचबॅक:
मंडळी, सल्ला हवाय. चारही टायर नवे टाकून दीड महिना झाला. तेव्हापासून ८० च्या पुढे गाडी थरथरते. दोनदा बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झाली, फरक शून्य. दुकानदार म्हणतो टायर नवे आहेत, सस्पेन्शन बघून घ्या. मागे बसणाऱ्या आईची पाठ दुखायला लागलीय. कुठून सुरुवात करू?

चाकवाला:
सस्पेन्शनला आत्ता हात लावू नका. हादरा स्टिअरिंगला येतो की सीटखालून? स्टिअरिंग हललं तर बहुधा पुढची चाकं, सीट थरथरली तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क बघावी लागेल. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेने झिजतात. अशी थरथर सहसा येत नाही.

निळी_हॅचबॅक:
सीटखालून. ब्रेकचा संबंध नाही. आणि हो, २०-३० च्या वेगालाही गाडी मागून किंचित डोलते.

चाकवाला:
मग माझा संशय टायरवरच. बॅलन्सिंग नुसतं चुकलं असेल तर इतक्या कमी वेगात कळत नाही, कारण तो जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. हळू चालवतानाही डोलते म्हणजे टायर गोल नाही किंवा आतला स्टीलचा पट्टा सरकलाय. साधं बॅलन्सिंग मशीन चाक हवेत फिरवून वजनाचा फरक तेवढा दाखवतं. गाडीचं ओझं पडल्यावर टायर कुठे कडक, कुठे मऊ लागतो हे त्याला कळत नाही. ६० सेंमी व्यासाचं चाक ९० च्या वेगाला सेकंदाला साधारण १३ वेळा फिरतं, म्हणजे एका उंचवट्याचे सेकंदाला १३ धक्के. पाठ दुखणारच.

घरी बघता येईल. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, मग हँडब्रेक सोडून मागचं एक चाक जॅकवर. गाडीखाली अजिबात जाऊ नका. विटेवर काडी टेकवून टायरच्या अगदी जवळ धरा आणि चाक हाताने फिरवा. मग तसंच रिमच्या कडेशी.

सहावा_गिअर:
मी तर आधी पुढची-मागची चाकं बदलून बघेन. हादरा स्टिअरिंगला आला की दोषी चाक सापडलंच.

चाकवाला:
एरवी चाललं असतं. पण पट्टा सुटल्याचा संशय असेल तर ते चाक पुढे लावून वेगात चालवायचं नाही. टायर फुटला तर स्टिअरिंग आवरणं अवघड.

निळी_हॅचबॅक:
सापडलं! मागचं डावं. रिम सरळ फिरते, टायर मात्र एका जागी काडीला घासतो. हात फिरवला तर तिथे उंचवटा लागतो. स्टेपनी लावली, डोलणं गेलं. दुकानदार ऐकेल का?

चाकवाला:
फुगा असलेला टायर आता पुन्हा लावू नका. बिल काढा. साइडवॉलवरच्या डॉट कोडचा फोटो घ्या. शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष, २३२४ असेल तर २०२४ चा २३वा आठवडा. उंचवट्याचा व्हिडिओही काढा. दुकानदार टाळत असेल तर टायर कंपनीकडेच वॉरंटीची तक्रार नोंदवा. तपासायला टायर ठेवून घेतला तर लेखी पोच घेतल्याशिवाय निघू नका.