जुन्या लढाऊ जहाजांच्या बाजू वर जाताना आत का झुकतात?

लाकूडकाम_७४
७४ तोफांच्या ब्रिटिश जहाजाची लाकडी प्रतिकृती करतोय. सांगाडा उभा राहिला, आता बाहेरच्या फळ्या लावायच्यात. आराखड्यातला आडवा छेद बघून एक प्रश्न पडलाय. जहाज पाण्याच्या रेषेजवळ सगळ्यात रुंद आहे आणि तिथून वर दोन्ही बाजू आत येत जातात. वरच्या डेकवर माणसं, तोफा, दोर यांची एवढी गर्दी, मग तिथलीच जागा का कापली? आणि बाजू आत घेऊन डोलकाठीच्या दोरांसाठी पुन्हा बाहेर रुंद फळ्या कशाला काढल्या? त्या वगळल्या तर चालतील का?

निळीरेघ
शत्रूला चढता येऊ नये म्हणून. दोन जहाजं पाण्याजवळ टेकली तरी वरच्या डेकांमध्ये बरंच अंतर राहतं.

जुना_आराखडेकार
अंतर राहतं हे खरं, पण मुख्य कारण वजन. जहाजबांधणीच्या ड्रॉइंग ऑफिसात आम्ही प्रत्येक वस्तूच्या वजनाशेजारी तिची तळापासूनची उंची लिहायचो. नुसत्या वजनाला अर्थ नसे. ते किती उंचावर आहे आणि मध्यरेषेपासून किती लांब, हे साहेब आधी विचारत.

एचएमएस व्हिक्टरी घ्या, १७६५ साली पाण्यात उतरलेलं. ट्रफाल्गरच्या लढाईत त्याच्या खालच्या तोफडेकवर ३२ पौंडी (म्हणजे ३२ पौंड वजनाचा गोळा फेकणाऱ्या), मधल्यावर २४ पौंडी आणि वरच्यावर १२ पौंडी तोफा होत्या. खालची एकेक तोफ गाड्यासकट तीन टनांच्या आसपास. जड ते खाली, हलकं ते वर. त्यात बाजू आत झुकवली की वरच्या तोफा मध्याकडे सरकतात. डेक अरुंद झाल्याने तुळया आखूड होतात, लाकूडही कमी लागतं. या झुकावाला टंबलहोम म्हणतात.

उंचावरचं वजन काय करतं, ते स्वीडनच्या वासा जहाजात दिसतं. त्याच्या दोन्ही तोफडेकवर २४ पौंडी तोफा होत्या, वरचा सांगाडाही फार जड बांधलेला. १० ऑगस्ट १६२८ रोजी ते स्टॉकहोममधून पहिल्यांदा निघालं आणि दीड किलोमीटरही गेलं नाही. वाऱ्याच्या झोताने कललं, खालच्या उघड्या तोफखिडक्यांतून पाणी शिरलं आणि बंदरातच बुडालं. त्याआधी तीस माणसांना डेकवर इकडून तिकडे धावायला लावून बघितलं होतं. जहाज एवढं डोलू लागलं की चाचणी थांबवावी लागली. स्थिर करायला तळात आणखी दगड भरायचे, तर जहाज अधिक खाली बसणार आणि खिडक्या पाण्याच्या आणखी जवळ येणार. म्हणजे दोन्हीकडून कोंडी. त्या कारागिरांना मला दोष द्यावासा वाटत नाही. मेटासेंटरचं, म्हणजे कललेलं जहाज परत उभं राहील की नाही हे ज्या बिंदूवरून कळतं त्याचं, गणित फ्रान्सच्या पियेर बुगेर यांनी मांडलं ते १७४६ मध्ये. तोवर सगळा भरवसा आधीच्या जहाजांच्या मापांवर आणि अनुभवी नजरेवर.

निळीरेघ
मग आत झुकलेलं जहाज जास्त स्थिर म्हणायचं का?

जुना_आराखडेकार
थोडं कललं असताना वरचं वजन कमी असल्याचा फायदा मिळतो. जास्त कललं की उलट होतं. कललेल्या बाजूचा जो नवा भाग पाण्यात जातो, तोच जहाजाला परत उभं करतो. बाजू आत झुकलेली असेल तर तो भाग कमी मिळतो. पुढे पोलादी जहाजांच्या काळात फ्रेंचांनी हा आकार फार ताणला आणि रशियाने त्याच धर्तीवर बोरोदिनो वर्गाच्या युद्धनौका बांधल्या. १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत त्यांतल्या चार उतरल्या, तीन बुडाल्या. तोफगोळे आणि टॉर्पेडो तर होतेच, पण एकदा कलल्यावर सावरायला हा आकार साथ देत नव्हता.

आता तुमच्या बाहेरच्या फळ्या. त्यांना चॅनेल म्हणतात. त्या अजिबात वगळू नका! डोलकाठीला दोन्ही अंगांनी धरून ठेवणारे दोर जितके फाकलेले, तितका आधार पक्का. बाजू आत घेतल्यामुळे दोरांचा पाया अरुंद झाला असता. या फळ्या तो बाहेर काढतात, शिवाय दोर कठड्याला घासत नाहीत. अठराव्या शतकात त्या हळूहळू वर सरकल्या, कारण खाली असताना लाटांचा मार बसायचा. तुमचा आराखडा कुठल्या सालचा आहे ते बघून उंची ठरवा.

लाकूडकाम_७४
मनापासून आभार. चॅनेल लावतोच. तोफखिडक्यांची रांग पाण्याच्या रेषेला समांतर आखू ना?

जुना_आराखडेकार
नको. डेक मध्यभागी खाली आणि दोन्ही टोकांना किंचित वर असतो. खिडक्यांची रांग त्या डेकच्या वळणाने जाते, कारण तोफा डेकवर उभ्या असतात. आधी सांगाड्यावर डेकची रेषा पेन्सिलीने आखा, तिच्यापासून ठरावीक उंचीवर खिडक्यांची खालची कड घ्या, आणि मगच फळ्या लावायला घ्या.