नवं शहर, नवं घर : पायी फिरता येईल असा भाग तुम्ही कसा शोधलात?

सुरुवात माझ्यापासून (नागपूर ते पुणे)

धाकट्या भावाची पुण्याला बदली झालीय. ऑफिस हिंजवडीत, मुलगी सहा वर्षांची, सोबत आमची आई. "ताई, तू तिथलीच झालीस आता, घर बघून ठेव," असा रोज फोन. मी २०२२ च्या जूनमध्ये याच वाटेने आले आणि पहिलं घर निवडताना सपशेल चुकले. त्यामुळे एकटीच्या जिवावर सल्ला द्यायची हिंमत होत नाही. तुम्ही सगळ्यांनी आपापले अनुभव लिहा. आधी माझा सांगते.

नागपुरात आम्ही धरमपेठेत राहायचो. घर जुनं, भिंतीला ओल, पण गोकुळपेठ बाजार पायी, ट्रॅफिक पार्क पायी, मुलाची शाळाही पायीच. हे काही सुखबिख आहे असं तेव्हा वाटलंच नाही. पुण्यात घर बघायला दोन दिवस आलो ते एजंटच्या गाडीतून फिरलो. गाडीच्या काचेतून सगळेच रस्ते बरे दिसतात हो. बालेवाडीकडे चौदाव्या मजल्यावर फ्लॅट भाड्याने घेतला. पोहायचा तलाव, जिम, घसरगुंड्या, झाडून सगळं. शाळा नकाशावर ४०० मीटर. मी खूश!

त्या ४०० मीटरच्या मधोमध मुंबई-बंगळूर महामार्ग होता. पलीकडे जायला भुयारी रस्ता, त्यात पावसाळ्यात पाणी आणि बारा महिने उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या. शेवटी व्हॅन लावली. ती बाकीची मुलं गोळा करत पंचवीस मिनिटं फिरवायची. पेन्सिल संपली की काढा गाडी. सासूबाई तर खालच्या बागेत गोल-गोल फिरून इतक्या कंटाळल्या की म्हणाल्या, "अगं, समोरून कुणी येतच नाही, सगळे माझ्या मागेच चालतात."

अकरा महिन्यांचा करार संपला त्या दिवशी सामान बांधलं. आता कोथरूडला डहाणूकर कॉलनीत आहोत. लिफ्ट बारीक, पार्किंगवरून रोज कुरबुर, आणि नवऱ्याचा प्रवास वाढला तो वाढलाच. चांदणी चौकातला नवा पूल ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला तेव्हा थोडा जीव भांड्यात पडला, तरी गर्दीच्या वेळी तासाच्या आत हिंजवडी म्हणजे नशीब. पण मुलगा एकटा जाऊन ब्रेड आणतो. भाजीवाली सासूबाईंना नावाने ओळखते.

भावाला कुठे घर बघायला सांगू? बाणेर-वाकडकडे, म्हणजे तो लवकर घरी येईल, की इकडे, म्हणजे बाकीचे चौघं... नाही, तिघं सुखी राहतील?

औंधला पंधरा वर्षं

मधला मार्ग आहे. औंध. डीपी रस्त्याचे फूटपाथ स्मार्ट सिटीच्या कामात रुंद केले. बसायला बाकं आहेत, झाडं राखलीत. बाबागाडी ढकलत सलग चालता येतं, आणि पुण्यात हे वाक्य लिहायला मिळणं म्हणजे चैन आहे. हिंजवडी कोथरूडपेक्षा जवळ. भाडं मात्र त्या फूटपाथइतकंच रुंद. मुख्य रस्ता सोडून दोन गल्ल्या आत बघा, तिथे जुन्या तीन मजली इमारतींत अजून परवडतं.

सदाशिव पेठ (जन्मापासून)

आमच्याकडे २०२१ पासून दर ११ डिसेंबरला पादचारी दिन असतो. लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद. लोक रस्त्याच्या मधून चालतात, फोटो काढतात. उरलेले ३६४ दिवस आपापल्या जबाबदारीवर चालावे.

तरीही सांगतो, मुलांसाठी पेठेसारखी जागा नाही. वाचनालय, तालीम, गिरणी, दवाखाना, सगळं हाकेच्या अंतरावर. पण गाडी घेऊन येणार असाल तर येऊ नका.

डोंबिवली पूर्व

मला हा "चालण्याजोगा भाग" प्रकार उलट्या बाजूने कळला. डोंबिवलीत फूटपाथ शोधून दाखवा! जो आहे त्यावर कपड्यांचे स्टॉल. तरी आम्ही आयुष्यभर चालतोय. स्टेशन चालत, शाळा चालत, क्लास चालत, दिवाळी पहाटेला फडके रोडवर तर अख्खं गाव चालत. मग मुलीच्या जन्मानंतर "मोकळी हवा" पाहिजे म्हणून खारघरला गेलो. सिडकोने आखलेलं, रस्ते प्रशस्त, फूटपाथ असे की वर क्रिकेट खेळावं. सेंट्रल पार्क सुंदर, शंकाच नाही. पण आमच्या इमारतीपासून दुधाचं पहिलं दुकान बारा मिनिटांवर, तेही उन्हातून. स्टेशन हायवेच्या पलीकडे. फूटपाथवर दुपारी मी आणि दोन कुत्री. संध्याकाळी अंधार पडला की बायकोला त्या रिकाम्या रुंद रस्त्याची भीती वाटायची, फडके रोडच्या धक्काबुक्कीत कधी वाटली नाही.

आता तिकडे मेट्रो आलीय, नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर-पेंधर चालू आहे. दुकानंही वाढली म्हणतात. आमच्या सेक्टरचा अनुभव जुना समजा. पण तेव्हापासून मी फूटपाथ नंतर बघतो, आधी बघतो की त्या फूटपाथवरून जायचं कुठे.

तीन वर्षांनी परत डोंबिवलीला आलो. आई म्हणाली, "हवा खाऊन झाली?"

ठाणे ते म्युनिक

ताई, थोडं लांबचं आहे, पण वाचा. आम्ही नौपाड्यातून थेट म्युनिकला आलो. इथे आधी शाळा निवडून मग घर, असं सरकारी प्राथमिक शाळेच्या बाबतीत होत नाही. तुमचा पत्ता ज्या हद्दीत, ती तुमची शाळा. हद्दीला श्प्रेंगेल म्हणतात. म्हणजे घर निवडलं की शाळा निवडलीच. हे आम्हाला घर घेतल्यावर कळलं, पण सुदैवाने शाळा चांगली निघाली. घर मात्र स्वयंपाकघराशिवाय मिळालं. म्हणजे खोली होती, ओटा, सिंक, कपाटं काही नाही, भाडेकरूने आपलं आणायचं. पहिला आठवडा बाथरूमच्या नळावर कुकर धुतला.

पण शाळेचा रस्ता! पहिलीतलं पोर चालत जाणार हे इथे गृहीतच आहे. आई-वडिलांनी गाडीने आणून सोडलेलं शाळेला आवडत नाही, दारात गाड्यांची गर्दी होते म्हणून तशी चिठ्ठी येते. मोठ्या चौकात सकाळी झळझळीत जॅकेट घालून स्वयंसेवक उभे असतात, बहुतेक आजी-आजोबा किंवा पालक, हातात थांबा असा फलक. मीही एक वर्ष उभी राहिले. उणे तापमानात हात गोठायचे, पण शंभरेक मुलं नावाने ओळखू लागले आणि माझं जर्मन तिथेच सुधारलं.

सुरुवातीचे पंधरा दिवस मी मुलाच्या मागे शंभर पावलं अंतर ठेवून, झाडाआडून जायचे. एक दिवस तो वळून म्हणाला, "आई, दिसतेयस."

फौजी कुटुंब, आतापर्यंत आठ बदल्या

चंदीगड. वास्तुरचनाकार ले कॉर्बुझिएने आखलेला एक सेक्टर साधारण ८०० मीटर बाय १२०० मीटर. दुकानं, शाळा, बाग आतच, मोठी वाहतूक कडेच्या रस्त्यावरून. लेकीने दुसरीपासून मोठा रस्ता न ओलांडता शाळा केली. त्यानंतर कुठेही बदली झाली की मी नकाशावर मोठे रस्ते शोधते आणि घर-शाळा-बाजार त्यांच्या एकाच बाजूला येतात का ते बघते. तुमच्या हायवेच्या गोष्टीला हेच उत्तर. बाकी चंदीगडच्या शेजाऱ्यांशी ओळख व्हायला मात्र आठ महिने लागले.

वडील काठी घेऊन चालतात (कोल्हापूर ते पुणे)

सगळे मुलांचं लिहितायत, मी म्हाताऱ्या माणसाचं लिहितो. बाबा ७८. राजारामपुरीत असताना रोज एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत, गल्ल्यांना नंबर असल्याने चुकायचा प्रश्न नाही. इथे आणलं आणि पहिल्याच महिन्यात फूटपाथवर पडले. खड्डा नव्हता. फूटपाथ प्रत्येक बंगल्याच्या फाटकापाशी खाली उतरतो आणि परत वर चढतो. दोनशे मीटरला अकरा चढउतार मोजले मी. तरण्या माणसाला कळत नाही, काठीवाल्याला तो घाट असतो.

मी स्थापत्य शाखेचा, म्हणून राग जास्त आला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूत्रांत फूटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं स्पष्ट आहे. मोकळी म्हणजे विजेचा खांब, झाड, टपरी, लावलेली दुचाकी वगळून. घर बघायला जाताना टेप नेऊ नका, लोक हसतात (माझ्यावर हसले). आपण दोघं शेजारी-शेजारी चालून बघायचं. एकाला रस्त्यावर उतरावं लागलं तर कळलं.

दुसरं घर सहकारनगरला घेतलं. तळजाईकडे जाणारी सकाळची मंडळी दारावरून जातात, बाबा कठड्यावर बसून प्रत्येकाला अडवतात. आई आहे ना तुमच्या भावाबरोबर? तिला विचारा तिला कुठे बसायला आवडेल.

शिक्षिका, पिंपरी-चिंचवड

एक व्यवहाराची गोष्ट. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के आरक्षित जागांसाठी आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातून) अर्ज करणार असाल तर घरापासून शाळेचं अंतर मोजलं जातं. एक किलोमीटरच्या आतल्यांचा विचार आधी, मग एक ते तीन. भाड्याच्या घरात असाल तर नोंदणीकृत करार हवा, साध्या स्टॅम्पपेपरवर लिहिलेला चालत नाही. दरवर्षी माझ्यासमोर दोन-तीन पालक यामुळे रडतात. एजंट "नोंदणी कशाला, पैसे वाचवा" म्हणाला तर ऐकू नका.

आणि पाणी! मार्च-एप्रिलमध्ये घर बघा, किंवा वॉचमनला विचारा की उन्हाळ्यात दिवसाला टँकर किती येतात. सोसायटीचे पदाधिकारी सांगणार नाहीत, वॉचमन सांगतो.

वाकड, आयटीवाला

थोडी दुसरी बाजू. मी दोन वर्षं डेक्कनहून हिंजवडी केलं. सगळं रम्य, प्रभात रोडची झाडं, कमला नेहरू पार्क, पण मी ते फक्त रविवारी बघायचो. सकाळी साडेसातला निघून रात्री साडेआठला घरी. मुलगी झोपलेली. बायको एक दिवस म्हणाली की तुझ्या वाटणीचं चालणंही मीच चालते. वाकडला आलो. इथे चालायला काही नाही, मान्य, रस्त्याला धूळ आहे. पण सहाला घरी असतो आणि सोसायटीत का होईना, पोरीला सायकल मी शिकवली. घरून काम आठवड्यात किती दिवस, हे भावाला आधी विचारा. तीन दिवस असेल तर कोथरूड. पाचही दिवस ऑफिस असेल तर कोथरूड विसरा.

सदाशिव पेठ

वरील गृहस्थांशी सहमत. हे मी सहसा लिहीत नाही.

कोथरूड, दोन मुलं

ताई, आमच्याच भागात भाऊ येणार असेल तर एक करा. शनिवारी-रविवारी घर बघू नका. कामाच्या वारी सकाळी सव्वासातला, शाळेच्या वेळेला, पोरीच्या पाठीवर दप्तर देऊन तिला घर ते शाळा चालवा. मग तोच रस्ता रात्री नऊला तुम्ही एकट्या चाला. आम्ही असंच केलं तेव्हा एक आवडलेलं घर बाद झालं, कारण रात्री त्या वळणावर दुकानं बंद आणि दिवाही बंद. दुसऱ्या घराच्या वाटेवर औषधाचं दुकान आणि वडापावची गाडी दहापर्यंत चालू असते. तेच घेतलं. डॉक्टर रागावतात ते वडापाववरून.

मेट्रोचाही विचार करा. वनाज ते गरवारे मार्च २०२२ ला सुरू झाली, पुढच्या वर्षी सिव्हिल कोर्टापर्यंत गेली. हिंजवडीला तिचा उपयोग नाही, पण आईला आनंदनगरहून बालगंधर्वला नाटकाला एकटीने जाता येतं.

पुन्हा मीच

सगळ्यांचे आभार. भावाला घरून काम आठवड्यात दोन दिवस आहे, म्हणजे वाकडवाल्यांच्या हिशेबात तो बरोब्बर मधे अडकला. औंधला आतल्या गल्लीत एक आणि कोथरूडला एक, अशी दोन घरं काढलीत. आई गुरुवारी येतेय. शुक्रवारी सकाळी सव्वासातला आम्ही तिघी, म्हणजे आई, मी आणि भाची, औंधचा रस्ता चालणार. दप्तरात खरी पुस्तकं भरायची असं भाचीने बजावलंय. आईचा प्रश्न एकच आहे, गिरणी किती लांब? औंधवाल्यांनी सांगा, नाहीतर ती नागपूरहून दहा किलो कणीक घेऊन येईल.

औंधला पंधरा वर्षं

गिरणी चार मिनिटांवर. सोमवारी बंद असते. कणीक आणू नका, संत्री आणा.