टुपाक वाचला असता तर? आधी त्या रात्रीचा हिशोब करा

लॅमिंग्टन_रोड:
दोन दिवस झाले एक पोस्ट फिरतेय, माझ्याकडे तीन ग्रुपवरून आली. टुपाक शकूर, आपला अमेरिकन रॅपर पॅक, वाचला असता तर काय झालं असतं, अशी. म्हणणं असं की ७ सप्टेंबर १९९६ च्या रात्री लास वेगासला त्या गोळ्या जिवावर बेतल्या नसत्या तर सहा महिन्यांनी न्यूयॉर्कचा रॅपर बिगीही मेला नसता, ईस्ट कोस्ट वेस्ट कोस्टच्या रॅपवाल्यांचं भांडण मिटलं असतं, पॅकने डेथ रो ही रेकॉर्ड कंपनी सोडून स्वतःचं दुकान टाकलं असतं आणि आज तो निवडून आलेला पुढारी असता, कारण "पँथरचा मुलगा होता, रक्तातच होतं", म्हणजे आई ब्लॅक पँथर ह्या काळ्यांच्या संघटनेतली. खाली नुसते लाल बदाम.

मी पॅक ऐकतो ते १९९८ पासून. फोर्टच्या फुटपाथवरची कॉपी कॅसेट, झेरॉक्स केलेलं कव्हर, अर्धे शब्द कळायचे नाहीत तरी रिवाइंड करून करून टेप ताणली गेली. तेव्हा मला त्याचं वावडं आहे असं कुणी म्हणू नका. पण असलं लिहिणाऱ्यांनी ती रात्र नीट वाचलेलीच नाही. गोळ्या लागल्या रात्री सव्वाअकराच्या सुमाराला, फ्लेमिंगो रोडवर, सिग्नलला गाडी उभी असताना. त्याच्या दोन-अडीच तास आधी एमजीएम ग्रँडच्या लॉबीत काय झालं? टायसनची फाइट पहिल्याच राउंडला संपली, पॅक, डेथ रोचा मालक शुग नाइट आणि त्यांची पोरं बाहेर पडली आणि क्रिप्स टोळीतल्या एका पोराला सगळ्यांनी मिळून तुडवलं, पहिला हात पॅकचा. हॉटेलच्या कॅमेऱ्यात सगळं आहे. पॅक तेव्हा होता अपिलाच्या जामिनावर, १४ लाख डॉलरच्या, आणि शुग होता प्रोबेशनवर. शुगला ह्याच मारामारीवरून प्रोबेशन मोडलं म्हणून फेब्रुवारी १९९७ मध्ये नऊ वर्षं ठोठावली. मग पॅकला काय घरी बसू दिलं असतं? माझ्या मते जामीन रद्द आणि परत आत.

दुसरं म्हणजे पोस्टवाल्याने त्याला ठणठणीत उभा केलाय. छातीत गोळ्या होत्या, उजवं फुप्फुस काढून टाकलं होतं. सहा दिवस झुंजला आणि १३ तारखेला गेला, वय २५. वाचला असता तर एका फुप्फुसावर वाचला असता. रॅप हा दमाचा खेळ आहे आणि हा माणूस श्वास न घेता ओळीवर ओळ टाकायचा. तेव्हा स्वप्न बघायचंच तर खरं बघा, तुरुंगातल्या दवाखान्यात धाप लागलेला पॅक बघा.

पॅकवेडा_सातारा:
दादा तुम्ही कॅसेटवाले म्हणून मान आहे, पण हे काय लिहिलंय. नोव्हेंबर १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वाड स्टुडिओत पाच गोळ्या लागल्या होत्या त्याला, ऑपरेशन झाल्यावर काही तासांत स्वतः दवाखान्यातून निघाला आणि दुसऱ्या दिवशी व्हीलचेअरवर कोर्टात हजर. असा माणूस एका फुप्फुसाने गप्प बसणार होता का? आणि तुरुंगाचं म्हणाल तर मार्च १९९५ ला आलेला त्याचा अल्बम तो आत होता तेव्हाच एक नंबरला गेला. आत टाकून तो संपला नसता. बाहेर आल्यावर एका वर्षात त्याने किती रेकॉर्ड करून ठेवलं बघा, जिवंतपणी सोलो अल्बम चार आणि मेल्यावर त्याहून जास्त निघाले. हे सगळं २५ वयात. तुम्हाला ४० वर्षांच्या पॅकची कल्पनाच करता येत नाही म्हणून राग काढताय.

वैदर्भी:
लॅमिंग्टन_रोड, तुम्ही एवढं मोठं लिहिलंत, रोडचं नाव, जामिनाचा आकडा, फुप्फुस उजवं की डावं ते पण. अपील कशाबद्दलचं होतं हे लिहायला जड गेलं का? आणि पॅकवेडा, तो व्हीलचेअरवर कोर्टात कुठल्या निकालासाठी गेला होता तेही सांग की. सांगते मी. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलात एका मुलीच्या बाबतीत जे झालं त्याबद्दल ज्यूरीने त्याला लैंगिक अत्याचाराचा दोषी धरलं, दीड ते साडेचार वर्षांची शिक्षा झाली. जास्त गंभीर आरोपांतून सुटला, मान्य. तो शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला, तेही मान्य. पण तुमच्या "वाचला असता तर"मध्ये ती मुलगी कुठेच नाही. तीही जगतेच आहे ना कुठेतरी? तो पुढारी झाला असता तर तिने टीव्हीवर काय बघितलं असतं रोज?

पॅकवेडा_सातारा:
ताई बायकांच्या बाजूने त्याच्याएवढं कुणी लिहिलं तेव्हा? १९९३ मध्येच, लटाशा हार्लिन्सला अर्पण केलेलं गाणं आहे त्याचं, पंधरा वर्षांची पोरगी, दुकानात गोळी घालून मारली तिला. आईवर गाणं केलं. केस कशी उभी राहिली, कोण कोण सुटलं, ते पण वाचा.

वैदर्भी:
वाचलंय. गाणं सिंगल म्हणून निघालं ऑक्टोबरला आणि हॉटेल नोव्हेंबरचं, महिनाभराच्या आत. मला दोन्ही खरं वाटतं आणि म्हणूनच ते मला गिळता येत नाही. आमच्या कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये एक जण होता, स्पर्धेत बक्षिसं आणायचा, स्त्रीभ्रूणहत्येवर पथनाट्य त्यानेच लिहिलेलं. माझ्या मैत्रिणीने तक्रार केली तेव्हा सर लोक तिला म्हणाले पोरगा गुणी आहे, करिअर आहे त्याचं. तिने शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं. ती आता शिवणकाम करते आणि तो ग्रुप अजून त्याचे व्हिडिओ टाकतो. तेव्हा मला गाणी दाखवू नको.

लॅमिंग्टन_रोड:
वैदर्भी, बरोबर आहे तुमचं. मी ते टाळलं, आणि चुकून नाही टाळलं. लिहिताना हात अडला आणि मी "अपील" लिहून पुढे गेलो.

ओकलंडहून:
मी इथे अठरा वर्षं आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो. मॅकआर्थर बुलेव्हार्डच्या एका भागाला २०२३ मध्ये टुपाक शकूर वे नाव दिलं, ती पाटी मी ऑफिसला जाताना बघतो. आणि ह्याच गावात १९९१ ला रस्ता चुकीच्या जागी ओलांडला म्हणून पोलिसांनी त्याला बडवला होता, त्याने एक कोटी डॉलरचा दावा लावला आणि शेवटी तडजोड चाळीसेक हजारांवर झाली. म्हणजे पाटी लावायला माणूस मरून २७ वर्षं जावी लागली. ज्या वर्षी पाटी लागली त्याच वर्षी खुनाच्या केसमध्ये पहिली अटक झाली. जिवंत असता तर ही पाटी लागली असती का? मला नाही वाटत. पण मुलगी १४ वर्षांची आहे माझी, तिला वाटतं तो पहिल्यापासूनच संत होता.

थार_२९५:
तुम्ही सगळे अमेरिकेत अडकलाय. पंजाबी रॅपर सिद्धू मूसेवालाचं बघा ना. २९ मे २०२२ ला गोळ्या घातल्या, वय २८. दोन आठवडे आधी जे गाणं टाकलं त्याच्या कव्हरवर पॅकची गोळ्या लागलेली गाडी. आदल्या दिवशी सरकारने सिक्युरिटी कमी केली. तो वाचला असता तर पंजाबचा मुख्यमंत्री असता.

लॅमिंग्टन_रोड:
त्याच वर्षी मानसातून उभा राहिला होता आणि पडला होता रे. गोळ्या लागायच्या आधीच लोकांनी मत दिलेलं. वाईट वाटतं मला त्याचं, पण मेल्यावर मतं वाढवू नका.

वरळी_बीडीडी:
इतका वेळ गप्प होतो. "पँथरचा मुलगा होता, नेताच झाला असता" ह्या वाक्यावर कुणी थांबलंच नाही. पॅकची आई अफेनी शकूर, ब्लॅक पँथर, न्यूयॉर्कच्या एकवीस जणांच्या खटल्यात स्वतःची बाजू स्वतः मांडली, पोटात पॅक होता, मे १९७१ मध्ये सुटली, जूनमध्ये हा जन्मला. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव तिथूनच घेतलं. तेव्हा पँथर जगले की काय होतं हे आम्हाला विचारा. १९७२ ला सुरू, १९७४ ला राजा ढाले आणि नामदेव ढसाळ वेगळे. ढसाळांनी आणीबाणीला पाठिंबा दिला, पुढे सामनात सदर लिहिलं, १९९९ ला पद्मश्री घेतली. गोलपिठा लिहिणारा माणूस. टुपाकही जगला असता तर हेच.

ओकलंडहून:
ढसाळांना असं एका ओळीत उडवू नका. इतकी वर्षं आजारपण काढत तो माणूस लिहीत राहिला, २०१४ ला जाईपर्यंत. मायस्थेनिया होता त्यांना, स्नायूंचा आजार. तुम्हाला राजकारण आवडलं नाही म्हणून कविता खोटी होते का?

वरळी_बीडीडी:
कविता खोटी कुणी म्हटलं? माझ्या घरात आहेत सगळी पुस्तकं. तुम्ही तिकडे बसून मला ढसाळ शिकवताय. १९७४ ला आमच्या चाळीत काय झालं माहितीय का, पोलीस घरात घुसून मारत होते. ज्यांच्या शब्दावर पोरं रस्त्यावर आली त्यांनी वर्षाच्या आत एकमेकांना संघटनेतून काढावं?

ओकलंडहून:
माझे आजोबा नायगावचे आहेत, बीडीडी मलाही माहितीय. तिकडे बसून वगैरे बोलायचं काम नाही.

थार_२९५:
विषय रॅपचा होता ना?

वैदर्भी:
असू दे, हाच विषय आहे. पण बीडीडी, ढाले तर पद्मश्रीला गेले नाहीत, सत्तेच्या जवळ गेले नाहीत, २०१९ ला गेले. तेही पँथर आणि तेही जगले. मग जगला की विकला जातोच हे कुठून आलं?

वरळी_बीडीडी:
ढाल्यांचं मान्य करतो. मान्य करावंच लागेल. पण ढाल्यांची पोस्ट किती जण फिरवतात? तुमच्यापैकी किती जणांनी वाचलंय त्यांना?

माझ्या वडिलांचं सांगतो आणि थांबतो. १० जानेवारी १९७४ चा दलित पँथरचा मोर्चा, त्याच दिवशी परळला वरून दगड टाकून भागवत जाधवला मारला. वडील त्याच मोर्चात, एकोणीस वर्षांचे. ह्यांच्याही डोक्याला दगड लागला, कानामागे. पंधरा दिवस दवाखान्यात, वाचले, डाव्या कानाने ऐकू येणं गेलं ते गेलंच. मग गिरणीत लागले, १९८२ च्या संपात ती गेली, नंतर बावीस वर्षं एका सोसायटीत वॉचमन. रात्री बेल वाजली तर ऐकू यायची नाही म्हणून दोनदा नोकरी गेली. दर १० जानेवारीला भागवत जाधवच्या नावाने मेणबत्ती लावायचे आणि आम्हाला सांगायचे की तो माझ्यापासून वीस पावलांवर होता. भागवतचं नाव आज कार्यक्रमात घेतात, घेतलंच पाहिजे. वडिलांना कुठल्याच कार्यक्रमात कुणी बोलावलं नाही, आणि त्यांनी कधी मागितलंही नाही. मागच्या पावसाळ्यात गेले. एकदा मी पॅक लावला होता तर उजवा कान स्पीकरला लावून बसले आणि विचारलं हा काय म्हणतोय. मी आईचं सांगितलं, पँथर होती, पोटुशी असताना खटला लढली. म्हणाले तिची काही गाणी आहेत का?

पॅकवेडा_सातारा:
काका, हे वाचून मला काय बोलावं कळेना. मी अफेनीवर कधी वेगळं वाचलंच नव्हतं, नुसतं गाण्यातून माहिती. ती २०१६ ला गेली म्हणजे पॅकनंतर जवळजवळ वीस वर्षं, आणि त्याच्या टेपसाठी डेथ रोशी भांडली तीच. तिच्यावर एक लिहून काढतो.

लॅमिंग्टन दादा, लॉबीचं आणि जामिनाचं पटलं, परत आत गेला असता बहुतेक. आणि वैदर्भी ताई, तुमच्या मैत्रिणीचं वाचून मी गाणं दाखवलं ते चुकलं.

फुप्फुसाचं मात्र अजून पटत नाही. ओळी छोट्या केल्या असत्या त्याने, मध्ये श्वास घेतला असता, आणि तो श्वास पण रेकॉर्डमध्ये ठेवला असता.