शनिवारचा करिअर डे: भाषणं नकोत, टेबलं लावा

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा. नावांच्या जागी फ्लॅटचे क्रमांक.)

बी ३०४: शाळेची सूचना सगळ्यांना आली असेल. पुढच्या शनिवारी नववीचा करिअर डे, विषय "लोकप्रतिनिधींशी संवाद". पत्रिका वाचा जरा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, मनोगत, मनोगत, परत मनोगत, आभार. मुलांच्या प्रश्नांना शेवटची १० मिनिटं. मागच्या वर्षी हेच झालं. पाहुणे पावणेदोन तास उशिरा, मुलं पत्र्याखाली घामाघूम, आणि एकाही मुलाला प्रश्न विचारता आला नाही. पालक-शिक्षक संघात आपल्या सोसायटीचे चौघं आहेत. या वेळी तरी बोला.

सी ६०१: पाहुण्यांना बोलावण्याचं पत्र मुख्याध्यापकांच्या लेटरहेडवर गेलं पाहिजे. पालकांच्या सहीचं पत्र कार्यालयात बाजूला पडतं.

ए १०२: नगरसेवक येणार ना? मग मागच्या गेटसमोरच्या गटाराचं निवेदनही देऊन टाकू. सह्या मी घेते.

बी ३०४: काकू, हात जोडते. त्या दिवशी गटार नको. मुलांचा कार्यक्रम आहे.

ए १०२: मुलं त्याच पाण्यातून शाळेत जातात, म्हणून म्हटलं.

बी ५०३: मुळात राजकारण हे करिअर आहे का? दहावी तोंडावर आली. सीए बोलवा, डॉक्टर बोलवा. नगरसेवकाला महिन्याला मानधन २५,०००. त्यावर मुंबईत घर चालतं का?

डी ७०२: हाच प्रश्न मुलांनी समोर बसून विचारू दे ना. मानधन एवढंच, मग घर कशावर चालतं? उत्तर काय येतं ते मुलांना ऐकू दे. आणि फक्त निवडून आलेली माणसं बोलावू नका. त्यांच्यामागे नोकरी करणारे कितीतरी असतात. आमदाराचा पीए, आमदार विधानसभेत मांडतात त्या तारांकित प्रश्नांचे आणि लक्षवेधी सूचनांचे मसुदे लिहिणारी मुलं, वॉर्ड ऑफिसातले दुय्यम अभियंता, चिटणीस खात्यात सभेचं इतिवृत्त लिहिणारे. ही पगारी कामं आहेत आणि त्यांना शिक्षण लागतं. करिअर म्हणून मुलांना ती दिसतच नाहीत.

बी ३०४: ७०२ काका, हेच पाहिजे होतं. पण बसवायचं कसं? एकूण ७२ मुलं आहेत.

सी ६०१: आधी पत्र. लेटरहेड मुख्याध्यापकांचं.

डी ७०२: स्टेज वापरूच नका. सहा टेबलं मांडा. तीन एका भिंतीशी: नगरसेवक, दुय्यम अभियंता, आमदारांचे पीए. तीन समोरच्या भिंतीशी: आमदार, वॉर्ड ऑफिसचे अधिकारी, एखादे माजी नगरसेवक. १२-१२ मुलांचे सहा गट. प्रत्येक गटाने आपल्या बाजूच्या तीनही टेबलांवर बसायचं, दर टेबलाला १५ मिनिटं, मध्ये जागा बदलायला २. शाळेची घंटाच वाजवा. म्हणजे प्रत्येक मुलाला निवडून आलेला एक तरी आणि नोकरीतला एक तरी माणूस भेटतो. पाहुण्याला ५० मिनिटं बसावं लागतं. एवढा वेळ मिळतो. दोन तास मागितलेत तर अर्ध्या तासात उठून जातात.

ए १०२: आणि आमदार आलेच नाहीत तर?

डी ७०२: धरूनच चाला. शनिवारी त्यांची तीन-चार उद्घाटनं असतात, एक लांबलं की पुढची सगळी लांबतात. म्हणून सकाळची पहिली वेळ मागा, ८:४५. आदल्या रात्री पीएला फोन, सकाळी ७:३० ला परत फोन. तरी नाही आले तर माजी नगरसेवक त्यांच्या टेबलावर आणि माजींच्या जागी पालकांपैकी वकील. ९:०० ला पहिली घंटा द्यायची, कोणासाठीही थांबायचं नाही. अधिवेशन तेव्हा चालू असेल तर शनिवारीही आमदारांचा भरवसा धरू नका.

सेक्रेटरी: पाहुण्यांच्या गाड्या आपल्या आवारात लागणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो. मागे काय झालं सगळ्यांना माहीत आहे.

ई २०१: माहीत आहे हो, स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगच्या दोन जागा कोणाच्या नातेवाइकांनी अडवल्या होत्या तेही माहीत आहे.

सेक्रेटरी: तो विषय सर्वसाधारण सभेत संपलाय. कृपया ग्रुपवर नको.

ई २०१: सभेत संपला, इतिवृत्तात आला नाही.

बी ३०४: दादा, प्लीज. वेगळ्या दिवशी भांडा.

सी ६०१: पुन्हा टाकतो, वर गेलं म्हणून. पत्र मुख्याध्यापकांच्या लेटरहेडवर. पक्षाच्या कार्यालयात द्यायचं नाही, पदाच्या नावाने द्यायचं. "माननीय नगरसेवक, प्रभाग क्रमांक अमुक". वॉर्ड ऑफिसच्या माणसांसाठी सहायक आयुक्तांना वेगळं पत्र. वरिष्ठांनी सांगितल्याशिवाय अभियंता स्वतःहून येत नाही.

डी ७०२: ६०१ बरोबर सांगतायत. पदाच्या नावाने पत्र गेलं की शाळेने अमक्या पक्षाला बोलावलं असं कोणी म्हणू शकत नाही. बॅनरवर शाळेचं नाव आणि तारीख, एवढंच. पाहुण्यांचे फोटो नाहीत. उपरणं, झेंडा नाही. आणि मुलांचे फोटो काढायचे तर पालकांची लेखी संमती आधी. नाहीतर दुपारपर्यंत ते कुठल्या तरी पेजवर असतात.

बी ५०३: ठीक, पण नववीच्या मुलाला विचारायचं तरी काय? "तुमची प्रेरणा कोण?" एवढंच येतं त्यांना.

डी ७०२: त्यात मुलांची चूक नाही. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ ला. मधली जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे. ही मुलं तेव्हा चौथीत होती. नगरसेवक काय करतो हे त्यांनी पाहिलंच कुठे? म्हणून तयारी हवी. आधीच्या आठवड्यात दोन तासिका घ्या. पहिल्या तासिकेला कोणाचं काम कोणतं. रस्ता, कचरा, गटार महापालिकेकडे. म्हाडा, पोलीस राज्याकडे. लोकल गाड्या केंद्राकडे. दुसऱ्या तासिकेला प्रत्येक गटाने शाळेजवळची एकच जागा बघून यायची आणि त्यावर प्रश्न लिहायचा.

ए १०२: मग आमचं गटार घ्या की!

डी ७०२: घ्या, काकू. पण निवेदन म्हणून नको, अभ्यास म्हणून. मागच्या गेटबाहेर पावसाळी गटाराच्या तोंडाशी चार पेव्हर ब्लॉक खचलेत. खालची खडी वाहून गेली, ब्लॉक वाकडे बसले आणि जाळीवर प्लास्टिक अडकतं. पट्टी घेऊन मापा, फोटो काढा. मग नगरसेवकांना विचारायचं: हे प्रभाग समितीत तुम्ही कसं मांडता? अभियंत्याला विचारायचं: खडी का वाहून जाते, हे काम कोणत्या खात्याकडे, बिल कोण तपासतं? दोन टेबलांवर दोन वेगळी उत्तरं येतील. कारभार कसा चालतो ते तिथे कळतं.

ए १०२: माझी काही हरकत नाही. पट्टी मी देते.

ई २०१: मुलींना एक आवर्जून सांगा. महापालिकेत नगरसेवकांच्या २२७ पैकी ११४ जागा महिलांच्या आहेत. नगरसेवक व्हायला वय २१ लागतं, आमदार व्हायला २५. या मुलींना २१ व्हायला सहा-सात वर्षंच राहिलीत.

बी ५०३: आणि खर्च? निवडणूक लढवायला पैसे लागतात, ते कोण सांगणार?

ई २०१: तोही प्रश्न लिहा. विधानसभेला अनामत १०,०००, खर्चाची मर्यादा ४० लाख. हिशोब कसा ठेवता, रोजची वही कोण लिहितं, हे आमदारांच्या टेबलावर विचारायचं.

सेक्रेटरी: शाळेचा माइक शिट्टी मारतो. सोसायटीचा देऊ?

डी ७०२: टेबलांवर माइक नकोच, एकमेकांचा आवाज चढतो. स्वागताच्या तीन मिनिटांपुरता द्या. स्पीकर माइकच्या पुढे ठेवा, मागे ठेवला की शिट्टी येणारच. गुच्छही नको, प्रत्येकाला पाण्याची बाटली आणि मुलांच्या प्रश्नांचा कागद. तो कागद पाहुण्यांना तीन दिवस आधी पाठवा. वर "आम्ही काय विचारणार" असं मुलांच्या अक्षरात. आकडे शोधून येतात मग.

बी ३०४: मुख्याध्यापिका बाईंशी आत्ता बोलले. पत्रिका बदलायला तयार आहेत. सत्कार रद्द, स्वागत तीन मिनिटं. सहा टेबलं, ७२ खुर्च्या मुलांना, १२ पाहुण्यांना आणि त्यांच्यासोबतच्यांना. घंटेला ई २०१ दादा. पत्रं उद्या सकाळी जातील.

सी ६०१: लेटरहेडवर?

बी ३०४: हो काका, लेटरहेडवर.

सी ६०१: पोच घ्या. शिक्का आणि आवक क्रमांक बघून घ्या. नुसती सही चालत नाही.